सांध्याचे अर्थशास्त्र

नाशिकच्या जुन्या भागात, सराफ बाजारापासून गंगेच्या काठापर्यंतच्या गल्ल्यांत, पावसाळा सुरू झाला की वाडे कोसळल्याच्या वार्ता येऊ लागतात. महापालिका त्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा बजावते. मालक आणि भाडेकरू यांचा वाद न्यायालयात पडून असतो. दुरुस्ती कोणी करावी हे ठरत नाही आणि एका रात्रीच्या संततधारेत भिंत खचते. २००८ आणि २०१६ च्या पुरांनी अशा कित्येक भिंतींचे पाये आधीच भिजवून ठेवले होते. ढिगारा उपसला की विटा-माती ट्रकमधून जाते आणि सागाच्या तुळया व खांब जुन्या लाकडाचा व्यापारी उचलून नेतो. या तुळयांची टोके जवळून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. वस्तुतः वाड्यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट तेथेच असते. माती विरघळली, चुना सुटला, तरी तुळईच्या टोकाशी कोरलेली खाच आणि खांबाच्या माथ्यावर तासून काढलेले कुसू बहुधा जसेच्या तसे असते.

हा सांधा म्हणजे काय, हे बाकावर बसून पुस्तके वाचणाऱ्या वर्गाला आता सांगावे लागते, ही खेदाची गोष्ट आहे. लाकूड तोडल्यानंतरही स्वस्थ बसत नाही. धाग्याच्या दिशेने ते जवळजवळ मुळीच वाढत नाही. आडव्या दिशेने मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आषाढात दार चौकटीत अडकते व फाल्गुनात त्याच दाराला फट पडते, ती याचमुळे. दोन फळ्या खिळ्यांनी घट्ट जखडल्या तर ही हालचाल थांबत नाही; लाकूड तरी चिरते किंवा खिळा तरी ढिला होतो. जुन्या सुताराने यावर शोधलेला तोडगा असा की लाकडाला हलू द्यावे, पण निसटू देऊ नये. म्हणून एका तुकड्याचे टोक तासून कुसू करायचे आणि दुसऱ्यात त्याच मापाची खाच पटाशीने कोरायची. कुसवाची जाडी मूळ लाकडाच्या साधारण एक-तृतीयांश ठेवावी, हा जगभरच्या सुतारांचा ठोकताळा आहे. ते त्याहून जाड केले तर खाचेच्या भिंती दुबळ्या होतात, आणि बारीक केले तर तेच मोडते. खांबाचा भार तळखड्यावर व तुळईचा भार खांबावर अशा रीतीने उतरे की मुख्य सांध्यांत खिळ्यावर फारशी भिस्त ठेवावी लागत नसे.

खणांच्या पेटीसाठी किंवा टेबलाच्या कप्प्यासाठी दुसरा सांधा लागतो. पारव्याने शेपूट पसरावी तसे एका फळीचे दाते टोकाकडे रुंद होत जातात आणि दुसरीच्या खाचांत बसतात. कप्पा हजार वेळा ओढला तरी ओढीच्या दिशेने हा सांधा उकलू शकत नाही, कारण त्याचा आकारच त्याला अडवतो. दात्यांचा उतार मऊ लाकडात सहास एक आणि कठीण लाकडात आठास एक ठेवण्याची रीत आहे. हौशी माणसाने शिकताना येथेच धीर सोडू नये. पहिल्या चार सांध्यांत फटी राहतातच. रेघेच्या कोणत्या बाजूने करवत चालवायची, एवढी एक गोष्ट हाताला कळली की पाचवा सांधा बसतो.

ही विद्या मागे का पडली, याचे उत्तर केवळ नव्या पिढीच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. प्लायवुड आले, १९५९ मध्ये फेव्हिकॉल आले आणि घरोघर सरस उकळण्याचा खटाटोप संपला. प्लायवुडचे थर एकमेकांवर आडवे चिकटवलेले असल्याने ते साध्या फळीइतके फुगत नाही. त्याला जुन्या सांध्याची तितकीशी गरजही नाही. पेठ-सुरगाण्याच्या जंगलातल्या सागावर साऱ्या शहराच्या कपाटांचा भार टाकणे आज परवडणारेही नाही. तथापि प्लायवुडच्या मागोमाग भुशाचे दाबून केलेले तक्ते आले. त्यांत स्क्रू एकदा नीट बसतो. घर बदलताना तो काढून पुन्हा पिळला की भुगा सुटतो आणि स्क्रू तेथे पकड धरत नाही. त्याला पाणी लागले तर तो तक्ता कायमचा फुगतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला तीन बदल्यांत तीन कपाटे घ्यावी लागतात आणि हा खर्च तो महागाईच्या खात्यावर लिहितो!

येथे अर्थशास्त्राचा एक जुना प्रश्न उभा राहतो. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला तो कळत नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो. घेणारा सरासरी दर्जाची किंमत देतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही. तो बाजारातून जातो आणि सरासरी आणखी घसरते. २००१ मध्ये ज्या कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, त्याचा हा गाभा होय. लाकडी सामानाला हा सिद्धान्त जितका लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल, कारण सांधा हा लपलेलाच असतो. खुर्चीच्या पायात कुसू आहे की दोन खिळे आणि गोंद, हे पॉलिशवरून कळत नाही. ते कळते ती खुर्ची डुगडुगू लागल्यावर, आणि तोवर सुतार हिशोब चुकता करून गेलेला असतो. जो सुतार दीड दिवस खर्चून सांधा बसवतो त्याला अर्ध्या दिवसात खिळे ठोकणाऱ्याच्या दराने मजुरी मिळते. अशा परिस्थितीत तो कोणत्या जोरावर आपल्या मुलाला पटाशी शिकवणार?

सरकारी उपाय नाहीत असे नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये आणि दोन हप्त्यांत तीन लाखांपर्यंत स्वस्त कर्ज, अशी तिची रचना आहे. ती स्वागतार्ह आहे. पण ती पुरवठ्याची बाजू सावरते. मागणीची बाजू, म्हणजे सांधा ओळखणारा गिऱ्हाईक, कोणत्याही कर्जाने तयार होत नाही. तो तयार होतो स्वतःच्या हाताने एखादा सांधा कापून, तो बिघडवून आणि पुन्हा कापून.

शाळेने हे काम करावे अशी अपेक्षा या देशात नवी नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसाय हेच शिक्षणाचे माध्यम व्हावे, असा आग्रह धरला. १९६६ मध्ये कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली आणि १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याला अभ्यासक्रमात स्थान मागितले. प्रत्यक्षात बहुतेक शाळांत कार्यानुभव म्हणजे दिवाळीचा कंदील, राखी आणि शुभेच्छापत्र एवढाच उरला, आणि त्यातला बराचसा आयांनी रात्री जागून केलेला! फिनलंडने १८६६ मध्येच प्राथमिक शाळेत हस्तकला सक्तीची केली. स्वीडनमध्ये नेस येथे ऑटो सालोमन यांनी शिक्षकांना लाकूडकाम शिकवणारी संस्था चालवली व तेथे परदेशांतूनही शिक्षक येत. तेथला हेतू सुतार घडवण्याचा नव्हताच. हात, डोळा आणि सचोटी यांना वळण लावावे, एवढाच तो होता. आपल्याकडे मात्र बलुतेदारीने करवत एका जातीच्या हाती दिली आणि लेखणी दुसऱ्यांच्या. पांढरपेशा घरातल्या मुलाने रंधा धरणे ही हौस नसून अधोगती मानली गेली. वध्र्याच्या प्रयोगाला ही भिंत शेवटपर्यंत पुरती ओलांडता आली नाही, हे विसरून चालणार नाही.

यावर आक्षेप येईल तो वेळेचा. तासाला अमुक रुपये मिळवणाऱ्या प्राध्यापकाने एका स्टुलावर चार रविवार घालवणे हा अपव्यय नव्हे काय? स्टूल हेच फलित मानले तर हिशोब बरोबर आहे. पण तो रविवार एरवीही विकला जात नव्हता. आणि हौशी लोकांमुळे सुताराची रोजी बुडेल ही भीती तर उलट आहे. ज्याने एक स्टूल केले आहे तो दुसऱ्या दिवशी सुताराशी मजुरीवरून घासाघीस करीत नाही.

खरी अडचण जागेची आहे. दोन खोल्यांच्या सदनिकेत बाक आणि शिकंजा ठेवता येत नाही, आणि रात्री नऊनंतर ठोकाठोक केली तर शेजारी बोलणे टाकतात. हत्यारांचा खर्च मात्र वाटतो तितका नाही: एक बारीक दातांची करवत, दोन-तीन पटाश्या, रंधा, गुण्या आणि लाकडी ठोकळा यांवर साधे सांधे शिकता येतात, यंत्रांची घाई करू नये, बोटे दहाच असतात. पुस्तके महाग होती तेव्हा नाशिककरांनी १८४० मध्येच सार्वजनिक वाचनालय काढले. वर्गणीतून सामाईक कपाट उभे राहते, तसा सामाईक बाकही राहू शकेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळा संध्याकाळी आणि रविवारी रिकाम्या असतात. माफक शुल्क आकारून त्या हौशी नागरिकांना व शिक्षकांना खुल्या करायला नव्या इमारतीची गरज नाही. शिकवायला निवृत्त सुतार बोलवावेत आणि त्यांना पाहुण्या व्याख्यात्याइतके मानधन द्यावे, शाल-श्रीफळ देऊन बोळवण करू नये. राहिला प्रश्न लाकडाचा. पाडलेल्या वाड्यांच्या तुळयांतली एखादी महापालिकेने मालकाकडून रीतसर विकत घेऊन या बाकांवर पाठवावी, आणि तिच्या टोकाची खाच तेवढी न कापता शाबूत ठेवावी.