मुळांच्या श्वासाचा बंदोबस्त

भाताची कापणी उरकल्यावर अलिबाग तालुक्यातील कार्ले-खंडाळ्याकडच्या ज्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पांढरा कांदा लावला आहे, त्याला वाफशाचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. जमिनीत ओल असावी आणि तिच्यातच हवाही खेळावी, हे तो ढेकूळ हातात घेताच ओळखतो. मातीविना, पन्हळीतून वाहणाऱ्या पोषकद्रावणावर पालेभाज्या पिकवू पाहणाऱ्या अलिबागच्या नव्या बागायतदाराचे यशापयशही याच जाणिवेवर अवलंबून आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये लिट्लहॅम्प्टन येथे अ‍ॅलन कूपर यांनी ही पद्धत विकसित केली, तेव्हा पन्हळीच्या तळावरून काही मिलिमीटरांचाच थर सरकत राहावा, मुळांची खालची बाजू त्यात भिजावी आणि वरची दमट हवेत मोकळी राहावी, हे तिचे मूलतत्त्व होते. कारण प्राणवायू हवेपेक्षा पाण्यातून सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो. म्हणूनच चाळीस फुटांस सुमारे एक फूट उतार, मिनिटास १ ते २ लिटर प्रवाह आणि दहाबारा मीटरांच्या आतली लांबी हा दंडक पाळावा. पीक वाढले, की मुळांची गादी प्रवाह अडवते व पाणी तुंबते. मग पांढरी मुळे तपकिरी होतात आणि चिमटीत धरून ओढली, तर साल निसटून आतला तंतू तेवढा उरतो. पाण्यात मुळे असूनही पाने माना टाकतात, आणि ते पाहून माणूस पाणी आणखी वाढवतो!

शिवाय इंग्लंडची थंडी आपल्याला लाभलेली नाही. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. उलट तेवढ्याच तापमानवाढीने मुळांची प्राणवायूची गरज जवळजवळ दुप्पट होते. वैशाखात ही तूट भरून काढण्यासाठी द्रावणाचा हौद सावलीत वा जमिनीत असावा आणि परतीचे पाणी त्यात उंचावरून पडावे. खाडीकाठच्या चिखलातून श्वसनमुळे वर काढणाऱ्या तिवराला, किंवा पोकळ ऊतींतून मुळांपर्यंत हवा पोचवणाऱ्या भाताला निसर्गाने जी सोय दिली, ती लेट्यूसला दिलेली नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील विजेचे खांब आडवे केले, हेही विसरता कामा नये. पंप थांबला, की पातळ थर ओसरतो आणि उन्हाळ्यात काही तासांतच मुळे सुकतात. तेव्हा अशा प्रकल्पाची दरखास्त मंजूर करताना बँकेने आणि कृषी खात्याने मांडवाच्या क्षेत्रफळाआधी पन्हळीचा उतार, हौदाचे तापमान व पर्यायी विजेची तजवीज तपासावी. या तिन्हींवाचून दिलेले कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर राहील आणि पीक मात्र हाती लागणार नाही.