रुपया पडतो, फोडणी महागते

रुपया घसरला की चर्चा होते ती परदेशी शिक्षणाची आणि सहलींची. खरा फटका बसतो वाण्याच्या दुकानात, गोडेतेलाच्या पिशवीला. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो: पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनमधून. बिल डॉलरमध्ये चुकवावं लागतं, म्हणून जागतिक भाव जागच्या जागी असला तरी रुपया पडला की फोडणी महागते. डॉलरची नोट कधी न पाहिलेलं घरही हा भुर्दंड भरतं. स्वस्त रुपयाने निर्यातदारांचं भलं होतं, असं सांगतात. ते अर्धंच खरं आहे: नाशिकच्या द्राक्षाला युरोपात चार पैसे जास्त मिळतात, पण त्याच बागेला लागणारं पोटॅश जवळजवळ सगळं आयातीचं. आयात महागली तर लातूरच्या सोयाबीनला भाव येईल, हा दुसरा दावा. तोही टिकत नाही, कारण तेल चढू लागलं की सरकार आयातशुल्क उतरवतं. मे २०२५मध्ये कच्च्या खाद्यतेलांवरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं. १९८६च्या तेलबिया अभियानाने काही वर्षांतच देशाला खाद्यतेलात स्वयंपूर्णतेच्या उंबरठ्यावर नेलं होतं. नव्वदच्या दशकात आयात खुली झाली आणि ती कमाई हातची गेली. रिझर्व्ह बँकेने डॉलर विकून रुपया सावरणं ही मलमपट्टी आहे. तेलबियांची हमीभावाने, वेळेवर आणि पुरेशी खरेदी हाच या दुखण्यावरचा टिकाऊ इलाज आहे, आणि तो सरकारने याच हंगामापासून सुरू करावा.