इंजिन ऑइलचा हिशेब

परतवाड्याच्या व्यापारी कुटुंबातील मोटारीचे वर्ष बहुधा ठरलेले असते. रोज घर ते दुकान अशा दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्या, महिन्यातून एक-दोनदा अमरावती, सवडीने मुक्तागिरीचे दर्शन आणि पाहुणे आले की चिखलदरा. सर्व्हिसिंगच्या दिवशी गॅरेजवाला विचारतो, “साधे टाकू की सिंथेटिक?” आणि लिटरचा भाव ऐकून निर्णय होऊन जातो. दुकानात कोणताही माल केवळ भावावर न घेणारा गृहस्थ येथे मात्र तसे करतो, हे नवल होय.

साधे, म्हणजे मिनरल ऑइल, भूगर्भातील कच्चे तेल शुद्ध करून मिळते. त्याचे रेणू लहानमोठे असतात. सिंथेटिक ऑइलचे रेणू रासायनिक प्रक्रियेने बरेचसे एकसारखे घडविलेले असतात. त्यामुळे ते उष्णतेने लवकर बिघडत नाही आणि थंडीतही चटकन वाहते. तथापि नावात एक मेख आहे. अमेरिकेत दोन तेल कंपन्यांत याच शब्दावरून वाद झाला आणि १९९९ मध्ये तेथील जाहिरातविषयक लवादाने, कच्च्या तेलावर विशेष प्रक्रिया करून केलेल्या तेलालाही ‘सिंथेटिक’ म्हणण्यास मोकळीक दिली. तेव्हापासून हा शब्द मालाच्या जातीपेक्षा बाजाराचा अधिक झाला. म्हणून डब्यावरील मोठ्या अक्षरांपेक्षा ‘०डब्ल्यू-२०’, ‘५डब्ल्यू-३०’ असा ग्रेड व त्याखालील मानक वाचावे. पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणा सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनातील घट्टपणा.

मोटारीसोबत आलेल्या पुस्तिकेत जो ग्रेड व जे मानक दिले असेल, तेच घ्यावे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या बहुतेक डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडविणारी जाळी असते. तिला कमी राख सोडणारे तेल लागते. तेथे चारशे रुपये वाचविणे म्हणजे महागडी जाळी तुंबवून घेणे. टर्बो इंजिनाचेही तसेच. चिखलदऱ्याचा घाट चढताना टर्बो अतिशय तापतो आणि हलके तेल तेथे जळून काजळी धरते. वर पोहोचल्यावर इंजिन मिनिटभर चालू ठेवून मग बंद करावे, हा जुन्या चालकांचा परिपाठ योग्यच आहे.

पुस्तिकेत दोन्ही तेले चालतात असे असेल, तरच हिशेबाला जागा आहे. समजा, चार लिटर तेल लागते. साधे ३५० रुपये लिटर, सिंथेटिक ७००, आणि फिल्टर व मजुरी मिळून ६००. साधे दर ५,००० किलोमीटरला बदलले तर खर्च २,००० रुपये, म्हणजे किलोमीटरला ४० पैसे. सिंथेटिक १०,००० किलोमीटर चालले तर ३,४०० रुपये, म्हणजे ३४ पैसे. भाव दुप्पट असूनही महाग ठरलेले तेल साधे! परंतु तेलाला किलोमीटरइतकीच महिन्यांचीही मुदत असते. बहुतेक पुस्तिका वर्षाच्या आत बदलण्यास सांगतात. वर्षाकाठी ५,००० किलोमीटरच फिरणाऱ्या मोटारीत तेच सिंथेटिक ६८ पैशांना पडते. चातुर्मासात प्रवासाची मर्यादा घेणाऱ्या घरची मोटार तर याहूनही कमी धावते. अशा जुन्या, साध्या पेट्रोल मोटारीला मिनरल ऑइल पुरते. मालाच्या खेपा करणाऱ्या मोटारीला सिंथेटिकच परवडते.

मोटार कमी धावते म्हणून मुदत लांबविणे मात्र चुकीचे. पाच मिनिटांच्या फेरीत इंजिन पुरते तापत नाही. ओलावा आणि पेट्रोलचा अंश तेलातच राहतो. सिंथेटिकही त्यातून सुटत नाही. अमरावतीची खेप या दृष्टीने इंजिनाला उपकारकच. बदलाची तारीख व किलोमीटर दिवाळीच्या वहीत टिपले, तर गॅरेजवाल्याच्या स्मरणशक्तीवर विसंबावे लागत नाही.

राहिले ते काढलेले काळे ऑइल. ते गटारात ओततात, धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडतात, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात. जमिनीतील आणि पाण्यातील असंख्य जीवांना ते घातक असते. पृथ्वीकाय-अप्काय जीवांची यतना पाळणाऱ्या घरात याचा विचार फारसा होत नाही, हे खटकते. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावयास हवे. गॅरेजवाल्याला ते कोठे जाते हे विचारावे आणि समाधानकारक उत्तर देणाऱ्याकडेच मोटार न्यावी.