पोटातली कात्री आणि आमचे ९८ टक्के

मागच्या दिवाळीत माझ्या मावशीचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. 'दुर्बिणीतून' झालं. घरी आल्यावर तिने मला विचारलं, "तू इंजिनिअर होणार ना, मग सांग, डॉक्टर दुर्बिणीला डोळा लावून बसतात का गं?" लॅपरोस्कोप हा शब्द मला चटकन आठवला, पण तिला मराठीत समजावताना कॉन्व्हेंटवाल्या मुलीची चांगलीच त-त-प-प झाली.

खरं तर गोष्ट सोपी आहे. पोटाला तीन-चार छोटी भोकं पाडतात. कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, म्हणजे आत काम करायला जागा होते. एका भोकातून कॅमेरा जातो, बाकीच्यांतून चिमटा, हुक, कात्री. सर्जन पोटाकडे बघतच नाहीत, ते समोरच्या स्क्रीनकडे बघून हात चालवतात. आपल्या महाराष्ट्राला हे नवं नाही. डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये १९७२ मध्ये दुर्बिणीने पोट तपासायला सुरुवात केली आणि १९९० मध्ये तिथेच पित्ताशयाचं भारतातलं पहिलं असं ऑपरेशन केलं. आज जालन्यातही 'दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया' अशा पाट्या दिसतात.

आता मित्रांनो, जे स्क्रीनवर आहे ते काँप्युटरलाही बघता येतं. प्रत्येक फ्रेममध्ये कुठलं हत्यार आहे आणि त्याचं टोक नेमकं कुठे आहे, हे काँप्युटर व्हिजनने शोधायचं. टोक फ्रेमबाहेर गेलं की इशारा देता येईल, शिकाऊ डॉक्टरचा हात कुठे अडखळतो ते मोजता येईल, हत्याराच्या मागे कॅमेरा आपोआप फिरवता येईल. ऐकायला भारी वाटतं ना? पण आत रक्त असतं, मांस जाळताना धूर होतो, लेन्सवर वाफ धरते, चकचकीत स्टीलवर लाईट चमकतो.

यासाठी जगभर वापरला जाणारा एक डेटासेट म्हणजे 'कोलेक-८०'. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गची पित्ताशयाची ८० ऑपरेशन्स, १३ सर्जन, ७ हत्यारं. दर सेकंदाच्या एका फ्रेमवर कोणतं हत्यार दिसतंय याची नोंद आहे. असा डेटा मिळवायचा, तयार मॉडेल चालवायचं, स्लाईडवर '९८ टक्के ॲक्युरसी' लिहायचं, की फायनल इयरचा प्रोजेक्ट झाला! व्हायवालाही कोणी फार विचारत नाही. माझं भांडण या ९८ टक्क्यांशी आहे.

बघा, चिमटा आणि हुक ऑपरेशनभर दिसतात, कात्री फार थोडा वेळ येते. समजा १०० फ्रेममध्ये कात्री फक्त २ फ्रेममध्ये आहे. मग 'कात्री नाही' एवढंच घोकणारा प्रोग्रॅमसुद्धा कात्रीच्या बाबतीत ९८ टक्के बरोबर ठरतो! आणि कात्री येते कधी? क्लिपा लावून झाल्यावर, पित्ताशयाची नळी कापायला. तिथे चुकून मुख्य पित्तनलिका कापली गेली तर पेशंटला आयुष्यभराचा त्रास होऊ शकतो. म्हणजे जिथे नजर हवी, नेमका तिथेच आपला प्रोग्रॅम आंधळा.

दुसरी लबाडी आपल्याला कळतही नाही. सगळ्या व्हिडिओंच्या फ्रेम एकत्र पिसायच्या, ८० टक्के शिकवायला, २० टक्के परीक्षेला. पण एकाच पेशंटच्या शेजारशेजारच्या फ्रेम जवळजवळ सारख्याच असतात. हा तर फुटलेला पेपर झाला. परीक्षेचे पेशंट पूर्ण वेगळे हवेत. आणि खरी परीक्षा घ्यायची तर हॉस्पिटलही वेगळं हवं. स्ट्रासबर्गच्या कॅमेऱ्यावर शिकलेला प्रोग्रॅम इथल्या कॅमेऱ्यावर, इथल्या लाईटमध्ये तसाच चालेल असं गृहीत कसं धरायचं?

कोणी म्हणेल, आपल्याकडे ना डेटा, ना मशीन. मला ते पटत नाही. नवीन मॉडेल घडवायला पुष्कळ डेटा लागतो हे खरं, पण असलेलं मॉडेल तपासायला थोडे व्हिडिओही पुरतात. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथली मुलं शरीर शिकतात, आपण प्रोग्रॅमिंग शिकतो, आणि दोघं एकाच जिल्ह्यात राहून एकमेकांना ओळखत नाही. रीतसर परवानगी घेऊन, पेशंटची संमती घेऊन, नाव-गाव पुसून दहा व्हिडिओ जरी मिळाले, तरी त्यातल्या फ्रेमवर डॉक्टरांकडून खुणा करून घेता येतील. डॉक्टरांना वेळ नसतो हे मान्य. म्हणूनच आपण तयारी करून जायचं, मदत मागायची ती नेमकी.

पुढच्या वर्षी आमच्या बॅचचे प्रोजेक्ट आहेत. सर-मॅडमना एकच विनंती: एकूण ॲक्युरसीचा एक आकडा कोणाकडूनच घेऊ नका. प्रत्येक हत्यार वेगळं विचारा, किती वेळा सुटलं ते विचारा, कुठल्या पेशंटवर तपासलं ते विचारा. आमचे मार्क कमी झाले तरी चालतील. मावशी पुन्हा विचारेल, "तुझं ते काँप्युटर काय करतं गं?" तेव्हा मला तिला खरं उत्तर देता आलं पाहिजे.