पाठकोऱ्या कागदावरचं घर

चित्र काढायला महागडी वही लागत नाही. लग्नपत्रिकेची कोरी बाजू, जुन्या कॅलेंडरचं पान, किराण्याच्या पुडीचा कागद पुरे. रोज दहा मिनिटं चूल, घागर, स्वतःचा हात समोर पाहून काढावा. कागदाकडे कमी, वस्तूकडे जास्त पाहावं. बाईला घरात राबायची सवय असते, बसून पाहायची मुभा नसते.

३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूरमध्ये दगडमातीची घरं कोसळली. त्या घरांतले कोनाडे, चुलीची जागा बायकांच्या हातांना पाठ होती. कागदावर कोणी उतरवली होती?

मैत्रिणींनो, आपलं घर आपणच रेखाटू या. घराच्या उताऱ्यावर नाव लावायची लढाई चालूच आहे. या चित्राखाली ते आजच लिहू या.