पिवळी, पांढरी, लाल



चातुर्मासात लोणावळ्यास घर असणे म्हणजे चार महिने ओलीत नांदणे होय. चौविहार आटोपला की पावसामुळे बाहेर पडण्याची सोय नसते आणि संध्याकाळ लांबत जाते. त्यामुळे हल्ली आपल्या पुष्कळ घरांतून प्रोजेक्टर आला आहे. यंत्र आणणे सोपे आहे. त्यास चित्र पुरविणे हे खरे काम.

गेल्या श्रावणात आमच्या घरी याची प्रचीती आली. कामशेतच्या दुकानाच्या उद्घाटनाची २००३ सालची मिनी डीव्ही कॅसेट कपाटात सापडली. तीत मामंजी होते. ते जाऊन आता अकरा वर्षे झाली. छायाचित्रे पुष्कळ आहेत, पण त्यांचा आवाज अन्यत्र कोठेही नाही. सासूबाईंनी एवढेच विचारले, "भिंतीवर मोठं दिसेल का?"

जुना हँडीकॅम चालू होता. परंतु त्यातून निघणाऱ्या वायरीस पिवळी, पांढरी व लाल अशा तीन पिना, आणि नव्या प्रोजेक्टरला केवळ एचडीएमआयचे छिद्र. ही जोडणी २००२ च्या अखेरीस जाहीर झाली. चित्र व ध्वनी दोन्ही एकाच केबलमधून अंकरूपाने जातात. त्या तीन पिनांचा संकेत मात्र जुन्या ॲनालॉग पद्धतीचा: पिवळीतून चित्र, पांढरीतून डाव्या बाजूचा आवाज, लालमधून उजव्या बाजूचा. मध्ये रूपांतर करणारी डबी लागते.

चिरंजीवांनी बाजारातून डबी आणली. पाहुणे जमले, दिवे मालवले, आणि भिंतीवर निळा पडदा तो निळाच राहिला. दोष डबीचा नव्हता. ती उलट्या दिशेची होती. 'एचडीएमआय टू एव्ही' आणि 'एव्ही टू एचडीएमआय' या दोन डब्या दिसावयास जुळ्या बहिणी, पण एकीचे काम दुसरी करीत नाही. तीन छिद्रांशेजारी 'इनपुट' छापले आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे. गल्ल्यावर नोट उलटसुलट करून तपासणारे आपण, येथे मात्र वेष्टनही वाचीत नाही!

दुसऱ्या दिवशी योग्य डबी आली. तिला यूएसबीतून वीज द्यावी लागते. ती मोबाईलच्या चार्जरवरून दिलेली बरी, कारण प्रोजेक्टरच्या यूएसबी छिद्रातून पुरेशी वीज मिळेलच असे नाही. टीव्हीच्या मागे लावावयाच्या स्टिकचेही तसेच. प्रोजेक्टरवर स्रोत 'एचडीएमआय' निवडला, तरी पडदा काळा! अखेर धाकट्या दिरांनी लाल पीन पिवळ्या छिद्रात खोचली आणि चित्र उमटले. काही हँडीकॅमच्या वायरींत तारांचा क्रम निराळा असतो. रंगावर विसंबू नये, तिन्ही पिना आलटून पालटून पाहाव्यात. चित्र रुंद ताणले जाऊन सारेच लठ्ठ दिसू लागले, तेव्हा आकार ४:३ केला. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या राहतात, त्या राहू द्याव्यात.

मोबाईलचे थोडक्यात सांगते. सी-टाइप छिद्र असलेला प्रत्येक फोन केबलने चित्र बाहेर पाठवितोच असे नाही. फोनचे माहितीपत्रक पाहिल्यावाचून ॲडॉप्टर घेऊ नये. बिनतारी जोडणीत आपली छायाचित्रे दिसतात आणि चित्रपटाच्या ॲपचा पडदा मात्र काळा राहतो. तो बिघाड नव्हे, नक्कल रोखण्याची योजना असते. तेथे स्टिक किंवा सेट-टॉप बॉक्स थेट एचडीएमआयने जोडावा.

पावसाळ्यातील आणखी एक गोष्ट. प्रकाशाच्या झोताकडे पाखरे झेपावतात. दिवे मालवण्यापूर्वी खिडक्यांच्या जाळ्या लावाव्यात, जीव वाचतील. आणि कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅमेऱ्यात मुळीच घालू नये. फीतही जाते, कॅमेराही. आमची फीत कोरडी निघाली हे नशीब. त्याच रात्री तिची संगणकावर प्रत केली.

चित्र आले तरी आवाज नव्हता. मामंजी तराजूपाशी उभे राहून काही सांगत होते, ओठ हलत होते. दिरांनी उरलेल्या दोन पिनांची अदलाबदल केली. खरखर झाली, आणि मागून त्यांचा आवाज आला: "अगं, आधी त्या हमालांना चहा दे."

सासूबाई उठल्या आणि स्वयंपाकघराकडे दोन पावले चालून गेल्या. मग थांबल्या, हसल्या, आणि म्हणाल्या, "मागे घे. पुन्हा लाव."