माळावर झाडं लावू नका!

गेल्या आठवड्यात काकांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. इंदापूरकडच्या आमच्या माळावर ओळीने खड्डे, प्रत्येक खड्ड्यात उंदीरमारीचं (म्हणजे ग्लिरिसिडियाचं) रोप, मागे फलक आणि हार घातलेले पाहुणे. खाली काकांचं वाक्य: "बघ, तुझ्या कॅनडासारखं हिरवंगार करतोय आता." मी अंगठा पाठवला नाही. काका हे वाचतील आणि रागावतील. असो.

तर कॅनडाचंच सांगतो. मी राहतो त्या किचनरच्या आसपास, म्हणजे दक्षिण ऑन्टारिओत, एके काळी उंच गवताची कुरणं आणि विरळ ओकचे माळ ठिकठिकाणी होते. शेती आणि शहरांनी ते गिळले. आज त्यातले तीन टक्केसुद्धा उरलेले नाहीत.

इथून दोनेक तासांवर, ह्युरॉन सरोवराच्या काठी, पायनरी नावाचं उद्यान आहे. मागच्या शतकाच्या मध्यानंतर तिथल्या ओकच्या माळावर पाइनची रोपं मोठ्या प्रमाणावर लावली. हेतू उत्तमच होता, काकांसारखाच! आग लागू द्यायची नाही, हेही ठरलेलं. हळूहळू सावली दाटली आणि उन्हात वाढणारं रानटी ल्युपिन मागे हटलं. कार्नर ब्ल्यू नावाच्या चिमुकल्या निळ्या फुलपाखराची अळी फक्त त्याच झाडाची पानं खाते. (या फुलपाखराचं शास्त्रीय वर्णन 'लोलिता'वाल्या नाबोकोवने केलं होतं.) १९९१ नंतर ऑन्टारिओत ते दिसलेलं नाही. सगळा दोष पाइनचा नाही, दुष्काळही पडला होता; पण सावलीने जागा आधीच आवळली होती. मग काय झालं? पाइन तोडले, आणि माळ ठरवून जाळायला लागले. म्हणजे लावायचा खर्च एकदा आणि काढायचा पुन्हा एकदा. टोरांटोच्या हाय पार्कमध्येही २००० सालापासून ओकच्या माळाला महापालिका स्वतः काडी लावते. इथले आदिवासी शतकानुशतकं हेच करत होते. त्यांना कुणी विचारलं नाही, एवढंच.

गवत जळून मरत नाही, कारण त्याचा जीव जमिनीखाली असतो. इथल्या उंच गवताची मुळं दोन मीटरहून खोल जातात. कार्बनही बराचसा तिथेच. वर बघून "काहीच नाही" म्हणणारा माणूस अर्धंच बघतो.

आपल्याकडे हे अर्धं बघणं सरकारी झालेलं आहे. इंग्रजांनी ज्या जमिनीचा सारा येत नाही तिला पडीक म्हटलं, आणि आपण तोच शब्द नकाशांवर चालू ठेवला. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडांचा संकल्प झाला, तेव्हा गवताच्या माळांवर खड्डे खणू नका असं अभ्यासक ओरडून सांगत होते. माळढोक, लांडगा, खोकड, चिंकारा हे काय झाडावर राहतात? नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी झालं. आज तो दिसला तर बातमी होते.

"झाडांना विरोध करतोस?" डोंगरावर लावा, ओढ्याकाठी लावा, मी खड्डे खणायला येतो. (शाळेत असताना याच माळावर आम्ही निलगिरी लावली होती, तेव्हा मीही धुतल्या तांदळाचा नाही.) आणि इथला जाळ उचलून तिकडे नेऊ नका. आपल्या वणव्यांनी काय होतं ते सह्याद्रीत दिसतंच. आपल्या माळाचा उपाय मेंढरांच्या पायात आहे. कासच्या पठारावर फुलं वाचवायला जाळी लावून चराई थांबवली, तर उंच गवत माजून नाजूक फुलांची जागा खाऊ लागलं. शेवटी जाळी काढायची वेळ आली. धनगरांना हे सांगायला डॉक्टरेट लागली नसती.

कंदीलपुष्पाच्या काही जाती जगात फक्त महाराष्ट्रातच सापडतात. आमच्या माळावर त्यातली एखादी आहे का, हे खड्डे खणण्याआधी कुणीच पाहिलं नाही. पाहुण्यांना हार घालायला मात्र वेळ होता.

काका, रोपं अजून रुजलेली नाहीत. उपटून बांधावर लावा, आणि मोठा पाऊस यायच्या आत खड्डे बुजवा. कुसळी आपोआप येईल. पायजम्यात घुसली तर मला शिव्या द्या.